हाशिदो, कुजि, ओनो: जपानच्या कंपनी-बेसबॉलमधल्या तीन बक्षिसांची पार्श्वभूमी

जपानच्या तोशि ताइको, म्हणजे शहरविरुद्ध शहर, बेसबॉल स्पर्धेचा अंतिम सामना संपला की विजेत्या संघाच्या हाती काळ्या सिंहाचा झेंडा येतो. मग वैयक्तिक बक्षिसं पुकारली जातात. त्यांतल्या तीन बक्षिसांना माणसांची नावं आहेत: हाशिदो, कुजि आणि ओनो. पहिलं स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूला, दुसरं हरलेल्या बाजूकडून झुंजलेल्याला आणि तिसरं उल्लेखनीय कामगिरी करणाऱ्या संघाला, खेळाडूला किंवा मॅनेजरला मिळतं. ही तिन्ही बक्षिसं एका बैठकीत ठरलेली नाहीत. प्रत्येकामागे एक मृत्यू आहे, आणि आधीच्या बक्षिसात कुणीतरी सुटलं होतं म्हणून पुढचं आलं.

आधी या बेसबॉलचं स्वरूप. खेळाडू पोलाद कारखाना, रेल्वे, वायू पुरवठा, विमा किंवा मोटार कंपनीच्या पगारावर असतो, काही वेळ कचेरीत काम करतो आणि उरलेला वेळ सराव. मुंबईतली टाइम्स शील्ड ठाऊक असलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. टाटा, निरलॉन, मफतलाल यांच्या संघांतून क्रिकेट खेळणारे कसे राहत, तसंच हे. फरक एवढाच की तोशि ताइकोत कंपनी शहराची प्रतिनिधी म्हणून उतरते. फलकावर आधी शहर, मग कंपनी. बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे कार्यालय सांभाळणारा माणूस नव्हे. संघ निवडणं, पिचर (चेंडू टाकणारा) कधी बदलायचा, बंट (बॅट नुसती आडवी धरून चेंडू जवळच पाडणं) कधी मारायला सांगायचा, हे सगळे निर्णय त्याचे. आपल्याकडचा कर्णधार आणि प्रशिक्षक यांचं बरंचसं काम त्याच्या एकट्याच्या अंगावर असतं.

शहराला केंद्रस्थानी ठेवण्याची कल्पना हाशिदो शिन यांची. 1879 चा जन्म, वासेदा विद्यापीठाचे शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधले क्षेत्ररक्षक) आणि 1905 मध्ये अमेरिकेला गेलेल्या वासेदा संघाचे कर्णधार. त्या दौऱ्यात संघ 26 सामने खेळला आणि 7 जिंकला. हारजितीपेक्षा सोबत काय आणलं ते महत्त्वाचं: बंट, स्क्वीझ (बंट मारून तिसऱ्या बेसवरच्या धावपटूला धाव पूर्ण करू देणं), पिचरचा वाइंड-अप (चेंडू टाकण्याआधी हात-शरीर फिरवून घेणं), खिळ्यांचे बूट. परतल्यावर हाशिदोंनी हे तंत्र पुस्तकातून मांडलं. 1920 मध्ये सहकाऱ्यांबरोबर त्यांनी जपानचा पहिला व्यावसायिक संघ उभारला आणि तोक्योत शिबाउराला त्याचं मैदान बांधलं. 1923 च्या भूकंपानंतर मदतसाहित्यासाठी ते मैदान हातचं गेलं आणि 1924 मध्ये संघ मोडला. त्यानंतर तोक्यो निचिनिचि या वृत्तपत्रात (आजचं माइनिचि) काम करताना त्यांनी वेगळा मार्ग धरला. अमेरिकेतले मोठे संघ शहरांच्या नावाने खेळतात, मग पगार कंपनीने द्यावा आणि निष्ठा शहराने घ्यावी. 1927 च्या ऑगस्टमध्ये मेइजि जिंगु मैदानावर 12 संघांची पहिली स्पर्धा झाली.

पहिल्या तिन्ही वर्षांचे विजेते दाइरेन शहराचे होते, म्हणजे त्या वेळी जपानच्या ताब्यात असलेल्या आणि आज चीनमध्ये असलेल्या दालियानचे. 1940 आणि 1942 ला केइजो, आजचं सेऊल, जिंकलं. या स्पर्धेचा सुरुवातीचा इतिहास वाचताना साम्राज्याचा नकाशा शेजारी ठेवावा लागतो. नाहीतर त्या यादीतली निम्मी शहरं गेली कुठे हेच कळत नाही.

हाशिदो 1936 च्या मार्चमध्ये वारले. त्याच उन्हाळ्यात, दहाव्या स्पर्धेत, त्यांच्या नावाचं बक्षीस सुरू झालं. जपानमध्ये व्यावसायिक लीगही त्याच वर्षी उभी राहिली. चांगल्या खेळाडूसमोर पहिल्यांदाच दोन वाटा आल्या. कंपनी-बेसबॉलला आपला सर्वोत्तम खेळाडू ठळकपणे दाखवण्याची गरज नेमकी त्या वेळी होती, आणि हाशिदो पुरस्कार तेव्हापासून ते काम करतो आहे.

त्याची मर्यादाही लवकर दिसली. स्पर्धा बाद पद्धतीची असल्याने जो संघ शेवटपर्यंत टिकतो त्याच्या पिचरला आणि फलंदाजाला जास्त सामने मिळतात. त्यामुळे सर्वोत्तम खेळाडू साधारणपणे विजेत्या संघातूनच निघतो. दोन सामन्यांत कमाल करून तिसऱ्यात हरलेला खेळाडू कोणाच्या लक्षात राहणार?

या प्रश्नाचं उत्तर जिरो कुजि यांच्या नावाने आलं, आणि त्यासाठी त्यांच्याइतकं योग्य नाव दुसरं नव्हतं. कुजि वासेदाचे कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून पिचरचे चेंडू झेलणारे. नंतर होक्काइदोच्या दक्षिण टोकाला हाकोदाते शहरात ते ओशन संघाकडून खेळू लागले. तिथे त्यांचं खेळसाहित्याचं दुकान होतं. ओशन संघात ते कॅचरही होते आणि मॅनेजरही. 1934 मध्ये बेब रूथ आणि लू गेरिग हे नामांकित फलंदाज अमेरिकन संघाबरोबर आले, तेव्हा अखिल जपान संघात कुजि होते. 20 नोव्हेंबर 1934 ला शिझुओकाच्या मैदानावर 17 वर्षांच्या एइजि सावामुराने गेरिंजर, रूथ, गेरिग आणि फॉक्स यांना ओळीने स्ट्राइक-आउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं. तो सामना जपान 1-0 ने हरला. सातव्या डावातला गेरिगचा होम रन तेवढा भारी पडला. त्या दिवशी सावामुराचे चेंडू घ्यायला प्लेटमागे कुजि बसले होते. त्यानंतर डिसेंबरमध्ये पुढे जायंट्स म्हणून ओळखला गेलेला व्यावसायिक संघ स्थापन झाला, पण कुजि हाकोदातेलाच राहिले.

19 ऑगस्ट 1939. साप्पोरोच्या मारुयामा मैदानावर सामना चालू होता. कुजि फलंदाजीला होते. चार बॉल (फलंदाजाच्या टप्प्याबाहेर पडलेले चेंडू) मिळाले आणि पहिल्या बेसवर चालत जायचा हक्क मिळाला. बॅट ठेवून निघताना पुढच्या फलंदाजाला काही सांगायला ते वळले. त्याच क्षणी समोरच्या कॅचरने बेसवरच्या धावपटूला गाठायला चेंडू फेकला आणि तो कुजिंच्या कानशिलावर बसला. फलंदाजाने हेल्मेट घालण्याची पद्धत तेव्हा नव्हती. दोन दिवसांनी, 21 ऑगस्टला, ते गेले. वय 40. चार बॉलनंतरही खेळ थांबलेला नसतो आणि बेसवरचा धावपटू बाद होऊ शकतो, म्हणून कॅचरचा हात चालूच राहतो. 

कुजिंच्या ओशन संघाला काळ्या सिंहाचा झेंडा कधीच मिळाला नाही. 1947 मध्ये, युद्धातल्या खंडानंतर स्पर्धा पुन्हा रुळावर येत असताना, त्यांच्या नावाचं झुंजार खेळाचं बक्षीस सुरू झालं, आणि ते बहुधा उपविजेत्या संघातल्या खेळाडूकडे जातं. त्याच 1947 मध्ये व्यावसायिक बेसबॉलमधल्या सर्वोत्तम पिचरसाठी सावामुरा पुरस्कार सुरू झाला. सावामुरा 1944 मध्ये युद्धात मारले गेले होते. शिझुओकाच्या त्या जोडीतल्या पिचरचं नाव व्यावसायिकांच्या बक्षिसाला लागलं आणि कॅचरचं कंपनी-बेसबॉलच्या. दोन्ही एकाच वर्षी.

ओनो मिचिमारो यांची गोष्ट त्यामानाने थोडक्यात सांगता येते. केइओ विद्यापीठाचे पिचर. 19 नोव्हेंबर 1922 ला केइओच्या माजी विद्यार्थ्यांच्या मिता क्लबकडून शिबाउराच्या मैदानावर (तेच, हाशिदोंच्या संघाने बांधलेलं) त्यांनी अमेरिकेतल्या मोठ्या लीगच्या खेळाडूंच्या संघाला 9-3 ने हरवलं. अशा संघाला हरवणारे ते पहिले जपानी पिचर. अमेरिकन संघ मन लावून खेळला नाही अशी टीका तेव्हाच झाली, आणि ती निराधार नव्हती. पण पूर्ण सामना ओनोंनी टाकला, हे तिने पुसलं जात नाही. पुढे वार्ताहर म्हणून ते तोशि ताइकोशी बांधले गेले. 1956 मध्ये ते वारले, आणि त्यानंतर त्यांच्या नावाचं बक्षीस आलं.

ओनो पुरस्काराचं क्षेत्र मुद्दाम सैल ठेवलं आहे. आकड्यांत न मावणारं काम त्यात बसतं: दुबळा संघ वर आणणारा मॅनेजर, वर्षानुवर्षं तळाशी राहून अचानक उपांत्य फेरी गाठणारा संघ, दीर्घकाळ खेळत राहिलेला माणूस. मॅनेजरचा गौरव करणं बेसबॉलमध्ये अवघडच आहे. त्याच्या नावावर ना धावा लागतात ना स्ट्राइक-आउट. सैल व्याख्येत धोका असतो की निवड दरवर्षी वेगळ्या मापाने होईल. पण कडक व्याख्येत मॅनेजर कायमचा बाहेर राहिला असता. दोहोंत सैल व्याख्या बरी.

आता एक गुंता. 1950 पासून या स्पर्धेत ‘होक्यो सेन्शु’ म्हणजे उसन्या खेळाडूंची पद्धत आहे. शहराचा प्रतिनिधी म्हणून पात्र ठरलेला संघ आपल्याच विभागात हरलेल्या संघांतून खेळाडू सोबत नेऊ शकतो. आज ही मर्यादा तिघांची आहे. आदल्या वर्षीचा विजेता पात्रता फेरी न खेळता थेट येतो आणि त्याला उसने खेळाडू मिळत नाहीत. म्हणजे महिनाभरापूर्वी ज्या पिचरने तुम्हाला छळलं, तोच आता तुमच्या जर्सीत तुमच्यासाठी टाकतो, आणि स्पर्धा संपली की आपल्या कंपनीत कामावर परततो. गौरवाच्या दृष्टीने याचा सर्वात सुंदर परिणाम सलग दहा वर्षं स्पर्धेत येणाऱ्या खेळाडूंच्या सत्कारात दिसतो. स्वतःचा संघ एखाद्या वर्षी पात्रतेत पडला, तरी दुसऱ्या संघाने उसना घेतल्यावर ते वर्ष मोजलं जातं. तेवढी वर्षं कुणालातरी तो हवासा वाटला, ही त्याच्या खेळाची साक्ष.

जुन्या यादीतली फलंदाजी वाचताना मात्र सावध राहावं. 1979 ते 2001 या काळात कंपनी-बेसबॉलमध्ये धातूची बॅट चालत होती. 2002 पासून लाकडी बॅट परत आली. धातूच्या बॅटवर चेंडू कडेला लागला तरी लांब जातो, लाकडीवर तोच फटका हातात झिणझिण्या आणून छोट्या झेलात संपतो किंवा बॅट मोडते. त्या 23 वर्षांतले होम रन आधीच्या-नंतरच्या आकड्यांशी थेट ताडून पाहणं चुकीचं. शिवाय 1961 मध्ये एका व्यावसायिक संघाने हंगामाच्या ऐन सुरुवातीला कंपनीचा खेळाडू पळवल्यावर दोन्ही बाजूंचे संबंध तुटले, आणि निवृत्त व्यावसायिकांना कंपनी-संघांची दारं 1999 पर्यंत बंद राहिली. त्या काळातल्या बक्षीसपात्रांत माजी व्यावसायिक दिसत नाहीत ते यामुळे.

हाशिदो पुरस्कारापुढची वाट आता दूरवर जाते. 2008 चा मानकरी जुनिचि ताझावा जपानी व्यावसायिक संघांना नकार देऊन थेट बोस्टन रेड सॉक्सकडे गेला. त्यावर व्यावसायिक लीगने नियम केला की असं परदेशी जाणाऱ्याला परतल्यावर ठरावीक काळ (शाळेतून गेलेल्याला 3 वर्षं, विद्यापीठ किंवा कंपनीतून गेलेल्याला 2) जपानी संघ घेऊ शकणार नाही. तो नियम 2020 मध्ये रद्द झाला. 2022 मध्ये एनेओस या तेल कंपनीच्या र्यूकि वातारायने हाशिदो पुरस्कारासोबत नवोदितांचं वाकाजिशि आणि फलंदाजीचं अशी तीन बक्षिसं एकाच स्पर्धेत घेतली. शाळेतून थेट कंपनीत आलेल्याला ड्राफ्टसाठी (व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेसाठी) तीन हंगाम थांबावं लागतं, म्हणून तो 2023 पर्यंत तिथेच खेळला.

जे कुठेच गेले नाहीत त्यांच्यासाठी तोक्यो डोम या मैदानाच्या इमारतीत असलेलं बेसबॉल संग्रहालय आहे, जिथे निवडक माणसांना मानाचं स्थान मिळतं. ते 1959 मध्ये कोराकुएन मैदानाशेजारी उघडलं आणि 1988 मध्ये डोममध्ये आलं. 1959 च्या पहिल्याच निवडीत हाशिदो, कुजि आणि ओनो हे तिघेही होते, सोबत सावामुराही. अव्यावसायिकांची निवड आज वेगळ्या समितीकडे असते आणि 75 टक्के मतं लागतात. खेळाडूला निवृत्तीनंतर 5 वर्षं थांबावं लागतं, मॅनेजर-प्रशिक्षकाला 6 महिने पुरतात. हा फरक बरोबर आहे, कारण मॅनेजर बहुधा उतारवयातच पद सोडतो. 2007 मध्ये सुमितोमो मेटल्सचा संघ घडवणारे रेइइचि मात्सुनागा निवडले गेले. 1984 च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलेल्या संघाचे ते मॅनेजर. 2021 मध्ये यामाहाचे कात्सुजि कावाशिमा आले, 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमधल्या रौप्यविजेत्या संघाचे मॅनेजर.

साठच्या दशकात दोनशेच्या वर असलेले कंपनी-संघ आज शंभराच्या आत आले आहेत. निस्सानने 2009 च्या हंगामानंतर आपले संघ बंद केले आणि 2025 मध्ये पुन्हा मैदानात उतरवले. बाकीचे बहुतेक परतले नाहीत. त्यांच्या खेळाडूंची नावं मात्र हाशिदो आणि कुजि पुरस्कारांच्या यादीत शहराच्या नावाशेजारी जशीच्या तशी आहेत.