माळढोक आणि ८,४९६ चौरस किलोमीटर

प्रजाती नष्ट होण्यावरच्या पुस्तकांत शेवटाला बहुतेक वेळा एक तारीख असते. शेवटचे प्रवासी कबूतर १ सप्टेंबर १९१४ रोजी अमेरिकेत सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले, हे वाक्य वाचणाऱ्याच्या लक्षात राहते. महाराष्ट्रातल्या माळढोकाला, म्हणजे माळरानावरच्या या वजनदार पक्ष्याला, अशी तारीख नाही. जैसलमेरच्या बाजूला तो अजून आहे, त्यामुळे जागतिक यादीत २०११ पासून त्याच्यापुढे 'अतिसंकटग्रस्त' असेच लिहिलेले आहे. सोलापूरच्या माळावर मात्र अलीकडे कधी एखादी मादी दिसते, कधी तीही नाही. 'नामशेष' म्हणताना कुठून नामशेष हे आधी ठरवावे लागते, आणि या पक्ष्याबाबतचा बराचसा वाद तिथेच अडतो.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो, कारण तो मुख्यतः बंदुकीचा आहे. १८०९ ते १८२९ या काळात अहमदनगर भागात एका ब्रिटिश शिकाऱ्याने एकट्याने ९६१ माळढोक मारल्याची नोंद सांगितली जाते. १९६९ मध्ये देशभरातला अंदाज होता सुमारे १,२६० पक्ष्यांचा. म्हणजे एका जिल्ह्यातली एका माणसाची शिकार आणि दीडशे वर्षांनंतरची देशभरातली संख्या यांत फार अंतर उरले नव्हते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पक्ष्याला पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत टाकले आणि शिकार, निदान उघड शिकार, थांबली.

त्याच दशकात सोलापूरजवळ नान्नजला माळढोक टिकून असल्याचे एका स्थानिक पक्षीनिरीक्षकाने दाखवून दिले. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात तिथे राखलेले गवताचे पट्टे पक्ष्याला मानवले. नर पावसाळ्यात गळ्याची पिशवी फुगवून घुमतो (काही भागांत त्याला 'हूम' म्हणतात ते यावरूनच), मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते, आणि एरवी दोघेही आजूबाजूच्या ज्वारी-बाजरीच्या रानांत टोळ, किडे टिपत हिंडतात. कोरडवाहू शेतकऱ्याशी या पक्ष्याचे कधी वाकडे नव्हते. वाकडे आले ते १९७९ मध्ये, नकाशावर.

त्या वर्षी सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतला ८,४९६ चौरस किलोमीटरचा प्रदेश माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर झाला. आकडा पुन्हा वाचावा. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. हे अभयारण्य त्याच्या दुपटीहून मोठे होते. त्यात गावे होती, तालुक्यांची शहरे होती, बाजार होते, रस्ते होते. वनखात्याच्या ताब्यातली जमीन त्यात अगदी थोडी, बाकी सगळी लोकांच्या सातबाऱ्यावरची. हेतू वाईट नव्हता. पक्षी लांबवर हिंडणारा, त्याला कुंपण घालता येत नाही, मग हिंडतो तो सगळा प्रदेशच राखू, असा विचार. पण अभयारण्यात नवे हक्क निर्माण होत नाहीत, असे कायदा सांगतो. आहेत त्या हक्कांची चौकशी करून ते निकाली काढायचे असतात, आणि एवढ्या खासगी जमिनीबाबत ते कधी धड झालेच नाही. व्यवहार अडले, एनए (जमीन बिगरशेती करणे) अडले, परवानग्या अडल्या. ज्या माणसाने माळढोक आयुष्यात पाहिला नव्हता, त्याला तो तलाठ्याच्या दप्तरात भेटला.

मध्य प्रदेशात करेराला १९८१ साली अभयारण्य झाले, तिथेही जमिनीच्या निर्बंधांवरून लोक चिडले आणि नव्वदच्या दशकात पक्षी दिसेनासा झाला. हे आपल्याकडे कुणी मनावर घेतल्याचे दिसत नाही.

सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०१२ च्या सुमारास आपले अभयारण्य साधारण १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. काही निसर्गप्रेमी अजूनही म्हणतात की क्षेत्र घटवले म्हणून माळढोक गेला. मला हे पटत नाही. मोठे क्षेत्र कागदावर शाबूत असतानाच उजनीचे पाणी आले, ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला, कारखाने झाले, विहिरींवर विजेचे खांब आले. पुरुषभर उंचीच्या उसात या पक्ष्याला ना चालता येते, ना लांबचे दिसते. अभयारण्याने शेतकऱ्याला जमीन विकताना अडवले, ऊस लावताना नाही. शिवाय महसुली भाषेत माळ म्हणजे 'पडीक'. पडीक म्हटले की झाडे लावायची, या सरकारी सवयीने गवताच्या जागी गिरिपुष्पही लावून झाले. गवत हेच तिथले जंगल आहे, हे समजायला फार वर्षे गेली.

त्यानंतरच्या घडामोडींचे केंद्र राजस्थान-गुजरातकडे सरकले, आणि तिथला प्रश्न विजेच्या तारांचा. माळढोकाची नजर बाजूंना चांगली, समोर कमकुवत. वजनदार शरीर, तार दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही आणि पक्षी तिच्यावर आदळतो. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान-गुजरातमधल्या अधिवासात वीजवाहिन्या जमिनीखाली घालण्याचा आदेश दिला. ते क्षेत्र होते सुमारे ९९,००० चौरस किलोमीटर. मार्च २०२४ मध्ये न्यायालयानेच तो सैल करून प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला, कारण सौरऊर्जेचे प्रकल्पही त्याच वाळवंटात आहेत. पुन्हा एक अवाढव्य आकडा, पुन्हा माघार. नान्नजची गोष्ट ठाऊक असलेल्याला यात नवल वाटले नसेल.

दरम्यान २०१९ पासून जैसलमेरजवळ माळावरची अंडी उचलून यंत्रात उबवली जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. देशात मोकळे पक्षी आता दीडशेच्या आसपास धरतात, तेही बहुतेक राजस्थानात.

नान्नजला आजही लोक जातात. काळविटांचे कळप दिसतात, नशीब असेल तर लांडगा दिसतो. अभयारण्याचे नाव मात्र माळढोकाचेच आहे.