अंगणातली हरळी आणि तिचे वेळापत्रक

ज्या हरळीला शेताबाहेर काढण्यासाठी शेतकरी भर उन्हाळ्यात खोल नांगरट करतो, तीच हरळी पुण्या-नाशिकच्या बंगल्यांपुढे पैसे मोजून लावली जाते. गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या दूर्वाही याच वनस्पतीच्या. शेतकऱ्याची डोकेदुखी आणि बागवाल्याची सोय एकाच गुणातून येते. हरळीचे पेर मातीला टेकले की तिथे मुळे फुटतात, आणि जमिनीखालचा तुकडा शिल्लक राहिला तरी त्यातून नवे रोप उभे राहते.

तरीही घरची हिरवळ वर्षभरात विरते, याचे मोठे कारण म्हणजे आपण परदेशी सल्ले जसेच्या तसे उचलतो. थंड हवेतील गवते शरद ऋतूत पेरणे योग्य असते. हरळीचे गणित मात्र वेगळे आहे. ती ऊस, ज्वारी, बाजरी यांच्या जातकुळीतली, म्हणजे सी-४ प्रकारची, हवेतील कार्बन डायऑक्साइड वेगळ्या मार्गाने पकडणारी वनस्पती आहे. ऑस्ट्रेलियातील हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ साली उसाच्या पानांवरील प्रयोगांतून हा मार्ग उलगडला. उष्णता वाढली की पानातील मुख्य विकर (एन्झाइम) कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडण्याची चूक अधिक वेळा करते. सी-४ वनस्पती त्या विकराभोवती कार्बन डायऑक्साइड दाटीने साठवून ही चूक टाळतात. त्यामुळे ३० ते ३५ अंशांना हरळी जोमात असते, पण या जादा कामासाठी ऊर्जाही जादा लागते, आणि ती उन्हातूनच मिळते. म्हणून आंब्याच्या सावलीत हरळी तग धरत नाही. तिथे खतावर खर्च करण्यापेक्षा दुसरे काही लावावे.

बी फार बारीक असते. एका ग्रॅममध्ये तीन हजारांहून अधिक दाणे भरतात. चौरस मीटरला ५ ते १० ग्रॅम बी पुरते. ते कोरड्या वाळूत मिसळून निम्मे उभे आणि निम्मे आडवे फेकावे, म्हणजे पट्टे पडत नाहीत. अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा खोल गेलेल्या दाण्यातील शिदोरी कोंब वर येण्याआधीच संपू शकते, म्हणून माती केवळ हाताने चाळवून वरून हलका रोलर फिरवणे पुरेसे असते. उगवण होईपर्यंत, म्हणजे साधारण दोन-तीन आठवडे, वरचा थर सुकू देऊ नये. मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की बी टाकायचा मोह होतो, परंतु एकच जोरदार सर सगळे बी उताराला नेऊन ठेवते. माझ्या मते बियाण्यासाठी फेब्रुवारीची अखेर ते मार्च आणि कांड्या टोकण्यासाठी जून-जुलै ही विभागणी चांगली. कांड्यांचे बारीक तुकडे माती आणि शेणकाल्यात कालवून जमिनीवर लिंपण्याची जुनी रीतही पावसाळ्यात उत्तम साधते. अमेरिकेत टिफ्टन येथे तयार झालेल्या प्रसिद्ध संकरित जातींना गुणसूत्रांचे तीन संच असल्याने बीच धरत नाही. त्या कांड्यांनी किंवा तयार चटईनेच लावाव्या लागतात. लागवड कशीही असो, बांधकामाचा राडारोडा आधी काढून किमान २० सेंटीमीटर माती मोकळी केलेली असली पाहिजे.

कापणीकडे मात्र सर्वांत कमी लक्ष दिले जाते. गवताचे पान बुडाकडून वाढते, म्हणून शेंडा छाटला तरी ते लांबत राहते; पण मुळांना अन्न पुरवतात ती पानेच. अमेरिकी संशोधक फ्रँकलिन क्रायडर यांनी १९५५ साली दाखवून दिले की एका वेळी निम्मी किंवा त्याहून अधिक पाने कापली तर मुळांची वाढ थांबू लागते. एका कापणीत एक तृतीयांशापेक्षा जास्त उंची घेऊ नये, या नियमाला हा आधार आहे. श्रावणात गवत गुडघ्याला लागेपर्यंत थांबून मग एकदम खाली आणले, तर उरतात ते पिवळे-तपकिरी दांडे, कारण तोवर हिरवी पाने सगळी वर गेलेली असतात. उंची तीन-चार सेंटीमीटर राखावी आणि बारीक कातरण तिथेच पडू द्यावे. त्यातला नत्र मातीत परततो.

पाण्याचा हिशेब सोपा आहे: चौरस मीटरला १ लिटर म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. ५० चौरस मीटरच्या हिरवळीला २५ मिलिमीटर ओल द्यायची तर १,२५० लिटर लागतात. रोज थोडे शिंपडल्याने मुळे वरच्याच थरात राहतात. उन्हाळ्यात अंतराने, पण खोलवर भिजेल असे द्यावे. वेळ पहाटेची बरी. संध्याकाळच्या पाण्याने पाने रात्रभर ओली राहतात आणि बुरशीचे गोल चट्टे पडतात.

पावसाळ्यात दोन शत्रू येतात. वळवाच्या सरींनंतर हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात आणि पुढे त्यांच्या अळ्या मुळे खातात. हिरवळ सतरंजीसारखी सहज उचलली गेली, तर खाली हुमणी शोधावी. दुसरा शत्रू लव्हाळा. त्याच्या गाठी जमिनीत साखळीने जोडलेल्या असतात आणि पुढची गाठ मागच्यांना दाबून ठेवते. वरचेवर उपटल्याने साखळी तुटते आणि झोपलेल्या गाठी जाग्या होतात. खुरप्याने गाठींसह खणणे कष्टाचे आहे, पण नवी हिरवळ करताना ते आधीच केलेले बरे.

डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांजवळ आला की हरळी मंदावते आणि फिकी पडते. घाबरून युरिया टाकण्यात अर्थ नाही, कारण वाढच थांबलेल्या गवताला तो घेता येत नाही. फेब्रुवारीत रात्री उबदार होऊ लागल्या की चौरस मीटरला सुमारे ११ ग्रॅम युरिया, म्हणजे ५ ग्रॅम नत्र, देऊन लगेच पाणी सोडावे. आधी खड्डे चाळलेल्या माती-शेणखताने भरून घ्यावेत, पण थर इतका पातळ असावा की पानांचे शेंडे वर दिसत राहतील.