एचपीव्ही निगेटिव्ह म्हणजे कर्करोग नाहीच, असं नव्हे

गर्भाशयमुखाचा कर्करोग एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा) या विषाणूमुळे होतो, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे आणि बहुतांश रुग्णांच्या बाबतीत ते खरंही आहे. लस घ्या, ठरल्या वेळी तपासणी करा. त्यावर पुष्कळ लिहून झालंय.

घोळ होतो तो गॅस्ट्रिक टाइप अॅडिनोकार्सिनोमाच्या बाबतीत, म्हणजे जठराच्या ग्रंथींसारख्या दिसणाऱ्या पेशींच्या कर्करोगाच्या बाबतीत. हा दुर्मिळ कर्करोग गर्भाशयमुखाच्या ग्रंथींमध्येच सुरू होतो, पण एचपीव्हीशिवाय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या वर्गीकरणात एचपीव्हीशी संबंध असलेले आणि नसलेले असे दोन गटच वेगळे केले. तरीही "एचपीव्ही निगेटिव्ह आहे, काळजी नको" हे वाक्य काही थांबत नाही.

एचपीव्ही चाचणी विषाणू शोधते, गाठ नाही. काही त्रास नसलेल्या बाईसाठी निगेटिव्ह रिपोर्ट खरोखर दिलासा देणारा असतो. पण अंगावरून सतत पाण्यासारखं किंवा चिकट जात असेल, संबंधांनंतर किंवा पाळी गेल्यानंतर रक्त दिसत असेल, तर प्रश्न चाळणीचा (त्रास नसताना करायच्या तपासणीचा) उरत नाही, निदानाचा होतो. तिथे जुना निगेटिव्ह रिपोर्ट पुढे करणं मला अजिबात मान्य नाही. जंतुसंसर्गाच्या गोळ्यांचे कोर्सवर कोर्स देत राहणं तर त्याहून वाईट.

त्यात हा कर्करोग बऱ्याचदा गर्भाशयमुखाच्या नळीत वर आणि खोलवर वाढतो. आतून तपासताना पृष्ठभाग चांगला दिसू शकतो, फक्त मुख फुगलेलं आणि कडक लागतं. पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी खरवडून केलेली तपासणी) चुकू शकतो, वरवर घेतलेला तुकडाही चुकू शकतो. काही प्रकारांत तर पेशी इतक्या साळसूद दिसतात की सूक्ष्मदर्शकाखालीही त्या निरोगी ग्रंथी वाटतात. म्हणून संशय असेल तर एमआरआय करावा, नळीतला नमुना घ्यावा, आणि गरज पडल्यास खोल किंवा शंकूच्या आकाराची बायोप्सी करावी. एचपीव्हीवाल्या कर्करोगात ठळकपणे दिसणारं पी१६ हे प्रथिन इथे सहसा तसं दिसत नाही. बायोप्सीच्या रिपोर्टवर नुसतं "अॅडिनोकार्सिनोमा" (ग्रंथींचा कर्करोग) लिहिलेलं असेल, तर प्रकार कोणता हे विचाराच. ते अर्धवट निदान आहे.

उपचारांची साधनं तीच: लवकर सापडला तर शस्त्रक्रिया, पसरलेला असेल तर रेडिएशन आणि केमो. पण नेहमीच्या प्रकाराच्या मानाने हा रेडिएशन-केमोला कमी दाद देतो, आणि अंडाशयात किंवा पोटाच्या आतल्या आवरणावर पसरण्याची त्याची प्रवृत्ती जास्त. त्यामुळे तरुण रुग्णातही अंडाशय राखायचं की नाही, हा निर्णय नेहमीच्या हिशेबाने घेता येत नाही.

आणखी एक. ओठांवर लहानपणापासून काळपट ठिपके आणि आतड्यात पॉलिप (आतल्या अस्तरावरच्या गाठी) असतील, तर प्युट्झ-जेगर्स सिंड्रोम या आनुवंशिक आजाराची शक्यता असते. त्यात एसटीके११ या जनुकातला दोष आढळतो आणि या कर्करोगाचा धोका वाढतो. अशा बाईने हे स्त्रीरोगतज्ज्ञाला आपणहून सांगावं, कारण एचपीव्हीच्या रिपोर्टमध्ये ते कुठेच दिसणार नाही.