बेळगाव सीमाभागातील घराण्यांचा शोध : पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातील मराठी घराण्याचा एकोणिसाव्या शतकातील पूर्वज शोधायचा, तर त्याच्या जन्माच्या नोंदीपेक्षा त्याच्या जमिनीचा कागद हाती लागण्याची शक्यता अधिक असते. 1836 मध्ये धारवाडपासून वेगळा होऊन बेळगाव जिल्हा झाला. पेशवाईतले कागद मोडीत आहेत आणि त्यांत सालही ‘समान अशर मयातैन व अलफ’ असे अरबी संख्यावाचकांत असते, म्हणजे सुहूर सन (तेव्हाच्या कागदांतली कालगणना) 1218, इसवी 1817-18.

वंशावळी मोठ्या प्रमाणावर सरकारदरबारी आल्या त्या इंग्रज सरकारने केलेल्या इनामांच्या, म्हणजे सारामाफीच्या जमिनींच्या, चौकशीमुळे. दक्षिण मराठा मुलखात (बेळगाव-धारवाडकडच्या पट्ट्यात) ती 1843 पासून सुरू झाली आणि 1852 च्या अकराव्या कायद्याने तिला पक्का आधार मिळाला. जमीन कोणी, कोणाला, कशाबद्दल दिली, सनद कुठे आहे, मूळ इनामदारापासून आजच्या कबजेदारापर्यंत पिढ्या कशा लागतात, हे सिद्ध करण्याचा भार कुटुंबावर होता. सनदेला वाळवी लागली असली तरी पुरावा मागितला जाई. अनेक इनामे यात खालसा झाली. हा निर्णय अन्यायाचाच होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तरीही चार-पाच पिढ्यांची नावे एका पानावर मिळतात ती याच प्रकरणांत. मात्र ती वंशावळ हक्क राखण्यासाठी लिहून दिलेली असल्याने लेकी-सुनांची नावे तिच्यात सहसा नसतात. दत्तकाची नोंद तर विशेष सावधपणे वाचावी लागते, कारण दत्तक नाकारल्यावरून याच मुलखात 1824 मध्ये कित्तूरला आणि 1858 मध्ये नरगुंदला शस्त्रे उचलली गेली होती. पुढे 1863 च्या कायद्यांनी ठरावीक आकार भरून इनाम कायम करून घेण्याची सोय झाली.

ज्यांच्याकडे इनाम नव्हते, वतन नव्हते, त्यांच्याबाबत हे दप्तर जवळजवळ मुकेच आहे. त्यांच्यासाठी पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या (यात्रेकरू घराण्यांच्या तीर्थपुरोहितांच्या) वह्या आणि सुगीनंतर बैल घेऊन दारी येणारा हेळवी हाच आधार. हेळवी घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतो आणि नव्या मुलाचे नाव आपल्या वहीत चढवतो. या वह्यांना दुय्यम मानण्याची सवय सोडली पाहिजे.

शोधाची खरी फरपट मात्र विसाव्या शतकाने केली. बेळगावला लागून असलेले शहापूर सांगली संस्थानात होते, त्यामुळे एकाच भावकीचे कागद दोन राज्यकर्त्यांच्या दप्तरांत विभागलेले होतेच. 1 नोव्हेंबर 1956 रोजी जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला. आता सीमाभागात उतारा कन्नडमध्ये निघतो, आजोबांच्या काळचा फेरफार मराठीत असतो आणि पणजोबांचा मोडीत. 2023 पासून महाराष्ट्रात कुणबी नोंदींच्या शोधासाठी मोडी वाचणाऱ्यांना पुन्हा मागणी आली. सोयरीक सीमेपलीकडे असलेल्या बेळगावकडच्या कुटुंबांनीही जुनी दप्तरे वाचून घ्यावीत, अशी ही वेळ आहे.