मेंढी माणसाळवली ती लोकरीसाठी नव्हे

पावसाळा तोंडावर आला, गोव्यात कपाटातले स्वेटर, कांबळी उन्हात पडली, की एक समज हमखास कानावर येतो: थंडी वाजली म्हणून माणसाने मेंढी पाळली. क्रम उलटा आहे.

पश्चिम आशियात सुमारे १०,००० वर्षांपूर्वी मेंढी माणसाळली, ती प्रामुख्याने मांसासाठी. रानमेंढीच्या अंगावर वर राठ, ठिसूळ केस आणि खाली आखूड, मऊ लव. त्या राठ केसांना पीळ नीट बसत नाही, रंगही धरत नाही. मऊ लव वाढलेली, राठ केस कमी झालेली मेंढी पैदाशीतून निवडत निवडत तयार व्हायला हजारो वर्षे गेली. मेसोपोटेमियात लोकरीचा मोठा धंदा दिसतो तो बराच नंतर, इसवी सनापूर्वीच्या चौथ्या-तिसऱ्या सहस्रकात. तेव्हाही कातरणी नव्हतीच! मेंढी वर्षातून एकदा आपोआप लोकर गाळायची, ती हातांनी उपटून घेत. लोखंडाच्या कात्र्या त्यानंतर कितीतरी शतकांनी आल्या.

घाटावरची दख्खनी मेंढी आजही राठ लोकरीचीच. मऊ लोकरीसाठी नावाजलेल्या मेरिनो मेंढीचा तंतू २० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, दख्खनीचा त्याहून बराच जाड. त्याचे स्वेटर अंगाला टोचेल. घोंगडी मात्र उत्तम होते. ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावतात. ती पातळ राहिली तर सुताची कुसे उभी राहतात, शेजारच्या धाग्यात अडकतात आणि मागावर ताणा तुटत राहतो.

आणि गोव्यात मेंढ्यांचे कळप का नाहीत? भिजलेल्या जमिनीत त्यांचे खूर कुजतात. आपल्या डोंगरांतले धनगर-गवळी म्हशी नि शेळ्या राखत आले.