आजोबा पानावर बसले

फुलपाखरू पानावर बसलं. आजोबा पानावर बसले.

पहिलं पान झाडाचं, दुसरं जेवणाचं. आपल्याला हे सांगावं लागत नाही. संगणकाला मात्र दोन्हीकडे एकच शब्द दिसतो. तोही सहज नाही, 'पानावर', 'पानाला', 'पानांतून' यांतून आधी 'पान' सोडवून घ्यावं लागतं.

यांत्रिक भाषांतराचे अभ्यासक येहोशुआ बार-हिलेल यांनी १९६० मध्ये इंग्रजीतला असाच दाखला दिला होता. तिथे 'पेन' म्हणजे लेखणी आणि तान्ह्या मुलांना खेळायला ठेवतात ते छोटं कुंपणही. 'खोका पेनमध्ये होता' म्हटलं की ते कुंपणच, लेखणीत खोका मावेल कसा? एवढं व्यवहारज्ञान यंत्राकडे नाही, तेव्हा अचूक यांत्रिक भाषांतराची आशा सोडा, असं त्यांचं म्हणणं.

संगणकशास्त्रज्ञ मायकेल लेस्क यांनी १९८६ मध्ये नेमका अर्थ ओळखायची साधी युक्ती काढली: शब्दकोशातल्या व्याख्या शेजारच्या शब्दांशी जुळवून पाहायच्या. 'पानाला चुना लावला' हे अशाने सुटेल, कारण विड्याच्या पानाच्या व्याख्येत चुना सापडण्याची शक्यता मोठी. आजोबांच्या वाक्यात जुळवायला आहेच काय?

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९८५ पासून 'वर्डनेट' हे अर्थांचं जाळं विणायला घेतलं. समानार्थी शब्दांचा एक गट म्हणजे एक अर्थ, आणि असे गट एकमेकांना जोडलेले. पवईच्या आयआयटीत हिंदी वर्डनेट झालं आणि त्याच्या आधाराने मराठी. यातली खरी गंमत इथे आहे. हिंदीत झाडाचा 'पत्ता', पुस्तकाचा 'पन्ना', आणि 'पान' उरतो तो विड्याचा. मराठीने सगळ्यांना एकाच पानावर बसवलंय, वर जेवणाचं ताटही!

दुसरी वाट भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांची. शब्द ओळखावा तो त्याच्या सोबतीवरून, असं ते १९५७ मध्ये म्हणाले. ती सोबत आकड्यांत मांडणारं 'वर्ड२व्हेक' हे संगणकी तंत्र २०१३ मध्ये आलं, पण त्यात एका शब्दाला आकड्यांची एकच ओळ, म्हणजे सगळ्या पानांची भेसळ. २०१८ च्या 'बर्ट'सारख्या नव्या तंत्रांत प्रत्येक वाक्यातल्या शब्दासाठी वेगळी ओळ काढली जाते. फुलपाखराचं पान आणि आजोबांचं पान तिथे वेगळं पडू शकतं.

आता हे घ्या: 'आजोबांना पान हवंय.' जेवणाआधी म्हटलं तर ताट, नंतर म्हटलं तर विडा. जेवण झालंय की व्हायचंय, हे वाक्यात कुठेच लिहिलेलं नाही.