पिवळं पान तोडायची घाई नको

कुंडीतल्या झाडाचं एखादं पान पिवळं पडू लागलं की बहुतेकांचा हात कात्रीकडे जातो. ‘खराब पान झाडाची ताकद खातं’ असं त्याचं कारणही सर्रास सांगितलं जातं. घडतं मात्र उलट. खालचं जुनं पान पिवळं होत असतं तेव्हा झाड त्याच्याकडून वसुली करत असतं.

हिरव्या पानातलं बरंचसं नत्र रुबिस्को या प्रथिनात अडकलेलं असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडायचं काम हेच प्रथिन करतं. पान म्हातारं झालं की हे प्रथिन मोडून त्याची अमिनो आम्लं देठातल्या रसवाहिन्यांमधून नव्या कोंबांकडे रवाना होतात. हरितद्रव्यही मोडतं आणि त्याखाली झाकलेला पिवळा रंग उघडा पडतो. नत्र, स्फुरद, पोटॅशियम, मॅग्नेशियम असे घटक झाडाला परत मिळतात. कॅल्शियम बसल्या जागीच राहतं, लोहही फारसं हलत नाही. म्हणून नत्र कमी पडलं तर आधी खालची पानं पिवळी होतात. लोह कमी पडलं तर शेंड्याची कोवळी पानं पिवळी होतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तेव्हा पिवळेपणा कुठून सुरू झाला, हे आधी बघा.

यापुढचा भाग मला फार विलक्षण वाटतो. देठ खोडाला मिळतो तिथे छोट्या पेशींचा एक पातळ थर असतो, त्याला विलगन स्तर म्हणतात. पानाचं निरोगी पातं, म्हणजे देठापुढचा पसरट भाग, ऑक्सिन हे संप्रेरक देठातून सतत खाली पाठवतं आणि ते येत आहे तोवर हा थर शांत असतो. ऑक्सिन आटलं की तो एथिलीनला दाद देऊ लागतो. फळं पिकवणारा वायू तो हाच. मग सेल्युलेज आणि पॉलिगॅलॅक्टुरोनेज ही विकरं (एन्झाइम) पेशीभित्तिका आणि पेशींना सांधणारं पेक्टिन विरघळवतात. खोडाच्या बाजूला बुचासारखा थर धरतो. पान आपणहून गळतं तेव्हा जखम बहुतांशी बुजलेली असते. त्याआधीच ओढलं, तर देठासोबत सालीची पट्टीही सोलून येते.

हे घरीही पाहता येतं. कोलियस या शोभेच्या झाडाच्या निरोगी पानाचं फक्त पातं कापा आणि देठ तसाच ठेवा. काही दिवसांत तो बोट लागताच गळून पडेल, कारण ऑक्सिन पाठवणारं पातंच उरलेलं नाही. कापलेल्या टोकाला ऑक्सिनचा लेप लावला तर तोच देठ टिकून राहतो.

फाटलेल्या पानाचं गणित वेगळं. फट पुन्हा जुळत नाही, पण कडेच्या पेशी स्वतःला बंद करून घेतात आणि उरलेला हिरवा भाग अन्न बनवत राहतो. ते पान राहू द्या. तपकिरी, करपलेली टोकं कापायची असतील तर मेलेल्या भागाची बारीक कड ठेवूनच कापा, नाहीतर नवी जखम पुन्हा वाळते. करपलेलं पान परत हिरवं करण्याचा दावा करणारे स्प्रे विकले जातात. त्यावर पैसे घालवू नका. मेलेली पेशी कुठल्याच फवाऱ्याने जिवंत होत नाही.

घाई करायची ती रोगट पानाची. पाणी भरल्यासारखे मऊ डाग, पिवळ्या वलयाचे वाढते ठिपके किंवा बुरशीची पूड दिसली की पान देठासकट कापा आणि कुंडीतल्या मातीवर पडू देऊ नका. पुढच्या झाडाकडे वळण्याआधी कात्रीचं पातं स्पिरिटने पुसून घ्या.